ओढ्याकाठची चराई थांबवल्यावर

भोर तालुक्यात आमच्या वडिलोपार्जित जमिनीतून एक ओढा जातो. तिथं दोन पिढ्या गुरं चरली. काठाला थोडे उंबर, एक जुनं जांभूळ, बाकी टणक माती आणि घाणेरी. गुरं पाण्यावर उतरायची तिथली दरड दर पावसाळ्यात ढासळायची. हा काठ पुन्हा झाडीचा करायचा असं घरात ठरलं.

रोपं आणायच्या आधी वाडीत जाऊन बसलो. हे आधीच करावं. एक काका म्हणाले, "गवत कापून नेऊ, पण जनावरं पाण्याला कुठं न्यायची?" त्यांचं म्हणणं रास्त होतं. म्हणून एका खडकाळ जागी पाणवठ्याची वाट मोकळी ठेवली. बाकी काठाला बाभळीची काटी लावली आणि आतून निर्गुडीचे दांडे रोवले. निर्गुडीला गुरं तोंड लावत नाहीत आणि पावसाच्या सुरुवातीला रोवलेले दांडे सहज लागतात.

पहिल्याच पावसाळ्यात न लावलेली झाडं वर आली. जांभूळ, धामण, कुंभा. गुरांनी शेंडे खाऊन आणि तुडवून ती खुरटली होती, पण मुळं जिवंत होती. एका खुंटाला पुष्कळ फुटवे येतात. त्यातले एक-दोन जोमदार ठेवून बाकीचे काढले. प्रत्येकाशेजारी बांबूची काठी रोवली, नाहीतर गवत कापताना ते विळ्याखाली जातात. लावलेल्या रोपांपेक्षा हे फुटवे भराभर वाढले. अशी जमीन असेल तर एक पावसाळा नुसतं राखून बघावं, मगच रोपांवर पैसे घालावेत.

रोपवाटिकेत गुलमोहर आणि गिरिपुष्पच होतं. मग बिया आम्हीच गोळा केल्या. करंज सोपा. जांभळाचं बी मात्र वाळलं की उगवत नाही, फळ खाल्लं की लगेच पिशवीत लावावं लागतं.

जुलैत पूर आला आणि पाण्यालगतची जांभूळ-करंजाची रोपं घेऊन गेला. बरेच दिवस तिकडं जावंसं वाटेना. पाणी ओसरल्यावर पाहिलं, तर वाळुंजाच्या रोवलेल्या फांद्या आणि शेरणीची झुडपं तेवढी जागेवर होती. पाण्याबरोबर आडवी झाली होती, उपटली नव्हती. पुराची रेषा जिथवर आली, तिथं आता हीच दोन लावतो. बाकीची त्याच्या वर.

खरा त्रास गवताचा. चराई थांबली आणि गवत कमरेला लागलं. रोपं त्यात गुदमरतातच, आणि फेब्रुवारीनंतर वणव्याची धास्ती. शेजारच्या माळावर आग लागली तेव्हा रात्रभर झोप आली नाही. आमच्या बाजूला वाडीतल्या लोकांनी दिवाळीनंतर गवत कापून नेलं होतं आणि कडेनं रुंद जाळरेषा काढलेली होती, म्हणून काठ वाचला. आता गवत कापायच्या वेळी आम्ही स्वतःच त्यांना निरोप धाडतो. त्यांना चारा मिळतो, आमची रोपं मोकळी होतात.

घाणेरी अजून संपलेली नाही. पाखरं फळं खाऊन बी आणून टाकतात. कोयत्यानं छाटली तर जास्तच फुटते. ती जूनच्या शेवटी, जमीन ओली झाल्यावर उपटावी. तेव्हा मूळ सबंध निघतं.