तळघरातले पाणी

भारतातून नव्याने आलेला विद्यार्थी न्यूयॉर्कमध्ये खोली शोधू लागला, की परवडणारी जागा म्हणून त्याला अनेकदा तळघर दाखविले जाते. आमच्या घरी अशा मुलांचे फोन येतात. आम्ही दोघे भाड्याच्या आधी एकच विचारतो : खोलीतून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का?

या प्रश्नामागे १ सप्टेंबर २०२१ ची रात्र आहे. ‘आयडा’ वादळाच्या अवशेषांनी सेंट्रल पार्क येथे एका तासात सुमारे ८० मिलिमीटर पाऊस पाडला. शहराची गटारे ताशी सुमारे ४४ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. त्यातून शहराच्या मोठ्या भागात सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच वाहिनीतून वाहते. डांबर, काँक्रीट आणि छपरे पाणी मुरू देत नाहीत. खेटून उभ्या घरांच्या रांगांत पाण्याला पसरायला जागा नसते. मग रस्ताच नदी होतो आणि सखल भागात ती तळघराच्या जिन्याने आत उतरते. शहरात १३ माणसे दगावली, त्यांपैकी ११ तळघरांत. त्यांत अनेक स्थलांतरित होते.

मुंबईने हे आधीच भोगले होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदीचे पात्र भरावाने आणि बांधकामांनी आवळलेले होते. विमानतळाची धावपट्टीसुद्धा तिच्यावरून जाते. दोष मात्र काठच्या झोपड्यांना देणे सोपे असते.

मजूरमंत्री असताना बाबासाहेबांपुढे दामोदर नदीच्या १९४३ च्या पुराचा प्रश्न आला. केवळ बांध घालण्यावर न थांबता त्यांनी संपूर्ण खोऱ्याच्या एकत्रित नियोजनाचा आग्रह धरला. त्यासाठी अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या योजनेचा आदर्श समोर होता. शहराकडेही असेच समग्र पाहावे लागेल : वरच्या गल्लीत फरसबंदी केलेले प्रत्येक अंगण खालच्या गल्लीतील घरात पाणी धाडते.

आपल्यापैकी अनेकांनी आता येथे घरे घेतली आहेत. काहींच्या कर्जाच्या हप्त्याला तळघराच्या भाड्याचा हातभार लागतो. गावकुसाबाहेरच्या जागा आपल्या पूर्वजांनी स्वतः निवडल्या नव्हत्या. येथे जागा कोणाला कशी द्यायची, हे आपण ठरवू शकतो. महानगरपालिकेने पावसाच्या पुराचे नकाशे प्रसिद्ध केले आहेत. भाडेकरू ठेवण्यापूर्वी ते पाहावेत, आणि दुसरी वाट नसेल तर ती खोली कोणालाही झोपायला देऊ नये.