वकील व्हायला कितवीपर्यंत शिकायचं?

आमच्या शाळेतल्या चौथीच्या एका मुलीने मला कोड्यात टाकलं. "गुरुजी, वकील व्हायला कितवीपर्यंत शिकायचं?" तिच्या घरची बांधावरून केस चालू आहे. वडील 'तारखेला' नाशिकला गेले, की त्या दिवसाची मजुरी बुडते. मी पडलो डी.एड. झालेला मास्तर, मला काही नीट सांगता येईना. मग एक किरकोळ रजा टाकली आणि नाशिक गाठलं. चला, तुम्हीही या माझ्याबरोबर.

जुन्या सीबीएसला एसटीतून उतरलं, की जिल्हा न्यायालय अगदी जवळ. काळे कोट, बगलेत फायलींचे गठ्ठे आणि सावली बघून भाकरी सोडून बसलेली खेड्यातली माणसं. पालकांनो, एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. कित्येकांना हे ठाऊकच नसतं.

तिथून शरणपूर रोडने, कॅनडा कॉर्नर ओलांडून (नाव ऐकून बर्फ शोधू नका!) कॉलेज रोडला गेलो. इथे गोखले एज्युकेशन सोसायटीचं एन.बी.टी. लॉ कॉलेज आहे. मराठा विद्या प्रसारक समाजाचं विधी महाविद्यालय गंगापूर रोडला. दोन्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली.

चौकशी केली, तर वाटा दोन निघाल्या. बारावी झाली, मग ती कला, वाणिज्य, विज्ञान कुठलीही असो, की सरळ पाच वर्षांचा अभ्यासक्रम. नाहीतर आधी पदवी घ्यायची आणि मग तीन वर्षांचं एलएल.बी. दोन्हींसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. पाच वर्षांच्या वाटेला खुल्या गटातल्या मुलांना बारावीत 45 टक्के तरी हवेत. पुढे शिकायचं तर एलएल.एम. आहेच. पण नुसती पदवी हाती आली म्हणून कोट चढवता येत नाही हं! बार कौन्सिलकडे नाव नोंदवून सनद घ्यायची आणि अखिल भारतीय बार परीक्षाही पास व्हायची.

मला सगळ्यात आवडलं ते अभिरूप न्यायालय. म्हणजे खोटं खोटं कोर्ट. एक गट वादीचा, एक प्रतिवादीचा. आपली बाजू पटो न पटो, कायद्याचा आधार देऊन ती मांडायचीच. पाठांतरवाल्यांची इथे पंचाईत! आणि पुस्तकंही बदलतात बरं का. 1860 ची भारतीय दंड संहिता जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा भल्याभल्या वकिलांनाही कलमांचे नवे आकडे शिकावे लागले.

आता नाशिकचीच एक गोष्ट. कॉर्नेलिया सोराबजी 1866 साली याच नाशकात जन्मल्या. ऑक्सफर्डला जाऊन त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, 1892 मध्ये परीक्षा दिली. पण बाई म्हणून पदवी मिळाली नाही, ना वकिली करता आली! तरी त्या थांबल्या नाहीत. पडद्यात राहणाऱ्या विधवांना आपल्या जमिनीबद्दल परक्या पुरुषाशी बोलताही येत नसे. अशा शेकडो बायकांची आणि अनाथ मुलांची गाऱ्हाणी त्यांनी सरकारदरबारी मांडली. स्त्रियांना वकिलीचं दार कायद्याने उघडलं ते 1923 मध्ये. तोवर त्यांची परीक्षा होऊन तीस वर्षं उलटून गेली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सगळं सांगितलं. त्या मुलीने बोटं मोजली. चौथीनंतर बारावीपर्यंत आठ, पुढे पाच.

"तेरा वर्षं," ती म्हणाली. "गुरुजी, तोवर आमची तारीख चालूच असेल का?"