वाफशाची वाट

३ ऑक्टोबर १९७८ रोजी कलकत्त्यात एक बालिका जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तिचा गर्भ प्रयोगशाळेत तयार केला होता आणि काही आठवडे गोठवून मग मातेच्या उदरी ठेविला होता. पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या समितीने ते खरे मानले नाही. १९८१ च्या जूनमध्ये त्या खचलेल्या संशोधकाने आत्महत्या केली. १९८६ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासह टेस्ट-ट्यूब बालकाचा प्रयोग यशस्वी करणारे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनीच पुढे, १९९७ मध्ये, मुखोपाध्यायांची कागदपत्रे अभ्यासून पहिलेपणाचा मान त्यांना दिला.

जाणत्यांच्या समितीला जे पटले नाही, ते निपाणीतल्या एका घरात चटकन कसे पटावे? माझ्या भाचीवर असा उपचार चालला असता औषधांनी तिचे बीजांडकोश सुजले. गर्भ लगेच न सोडता गोठवावेत, असा सल्ला डॉक्टरांनी दिला. तिच्या आजेसासूबाई, आमच्या आक्का, म्हणाल्या, “बर्फातल्या जिवात काय राम उरणार?”

मी म्हटले, “आक्का, पाऊस ओसरल्याबरोबर चिखलात तुम्ही कधी शाळू पेरला होता का?” आक्का हसल्या. वाफसा येईपर्यंत बी कणगीत थांबते, हे त्यांना मी काय सांगावे!

येथेही तसेच आहे. पेशीतले पाणी काढून, संरक्षक द्रव्य घालून गर्भ क्षणार्धात काचेसारखा घट्ट करतात आणि उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. स्फटिक होत नाहीत, म्हणून पेशी फुटत नाहीत. दरम्यान औषधांचा जोर उतरतो, गर्भाशयाचे अस्तर नीट तयार होते. सूज असतानाच दिवस राहिले तर ती वाढून जिवावर बेतू शकते. तो धोका टळतो. एका वेळी एकच गर्भ ठेवता येत असल्याने जुळ्यांची जोखीम कमी होते. भाचीचा पहिला गर्भ टिकला नाही. परंतु दुसरा राखलेला होता. बीजे काढण्याचे दिव्य पुन्हा करावे लागले नाही. आज तिची कन्या अंगणवाडीत जाते.

तथापि हा उपाय सरसकट सर्वांसाठी नाही. ज्यांची पाळी नियमित आहे, त्यांना गोठवण्याने अधिक यश येतेच असे नाही; अशा गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा संभवही काहीसा अधिक आढळतो. २०२१ च्या कायद्यानुसार गर्भ दहा वर्षांपर्यंतच राखता येतो. म्हणून प्रत्येकीने आपल्या प्रकृतीपुरता सल्ला घ्यावा.

आणि एक विनंती. आपल्याकडे पाळणा हलला नाही की सारे बोट सुनेकडे वळते. तपासणी मात्र दोघांचीही व्हावयास हवी. वाफशाची वाट पाहणे घरच्यांना जमले, तर सुनेचे अर्धे ओझे तिथेच उतरते.