आंबा, अमात्य आणि मॅकियाव्हेली

सांबरा म्हटलं की लोकांना बेळगावचा विमानतळ आठवतो. मला आमच्या बांधावरचा आंबा आठवतो. आज्ज्यानं लावलेला. रस्ता रुंद करताना तो गेला. मोजणी झाली, कागद आले, पण बाबा सही करेनात. तेव्हा गावातले एक पुढारी घरी आले, चहा घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू शिकलेला पोरगा, तूच सांग की बाबांना." मला भारी वाटलं. मी सांगितलं: विकास, बस, पोरांचं कॉलेज, सगळं. बाबांनी सही केली. आठवड्याच्या आत झाड आडवं झालं.

यंदा राज्यशास्त्राला मॅकियाव्हेली आहे. कपटी म्हणून तो आपल्याला आधीच ठाऊक असतो. त्याची हकिगत मात्र ठाऊक नसते. चौदा वर्षं फ्लॉरेन्सच्या सरकारात काम केलेला हा माणूस १५१२ मध्ये मेदिची परत आल्यावर नोकरीवरून गेला, पुढच्या वर्षी कटाच्या संशयावरून तुरुंगात पडला, हात मागे बांधून दोरीनं टांगला गेला. सुटल्यावर खेड्यातल्या घरी बसून त्यानं 'द प्रिन्स' लिहिलं. ते छापलं गेलं १५३२ मध्ये, तो गेल्यावर पाच वर्षांनी.

त्यातलं सतरावं प्रकरण परीक्षेला हमखास येतं. राजावर लोकांनी प्रेम करावं की त्याला भ्यावं? मीपण तेवढंच अधोरेखित केलं होतं. पण त्याच प्रकरणात तो राजाला बजावतो की लोकांच्या मालमत्तेला हात लावू नकोस. माणूस बापाचं मरण एकवेळ विसरेल, बापाकडून आलेली जिनगी गेलेली विसरणार नाही. हॉस्टेलवर हे वाचलं आणि पुस्तक मिटलं. आज्जाचं नाव निघालं की बाबा हसून बोलतात. झाडाचं नाव ते काढतच नाहीत.

अर्थात मॅकियाव्हेलीला शेतकऱ्याची कणव नाही. लोक द्वेष करू लागले तर गादी धोक्यात येते, एवढाच त्याचा हिशोब. आपल्या रामचंद्रपंत अमात्यांचं तसं नाही. शिवाजी महाराजांच्या काळापासून कारभारात असलेले, राजाराम महाराज जिंजीला गेल्यावर इकडचं राज्य सांभाळलेले हे गृहस्थ. १७१५-१६ च्या सुमाराच्या त्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विषय येतो. रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. जीर्ण झाड हवंच असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानं न्यावं. जबरदस्ती नको.

मी अडकलो ते 'संतोष' या शब्दावर. आमच्याकडे पैसे मिळाले, सही झाली, जबरदस्तीही कुणी केली नाही. पुढाऱ्यांनी फक्त योग्य माणूस शोधला. आजच्या नेतृत्वावर वर्गात चर्चा झाली तेव्हा सगळे मंत्र्यांची नावं घेत होते. मी गप्प बसलो.

रविवारी फोनवर बाबांना आज्ञापत्रातलं ते सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीनशे वर्षांमागं लिहून ठेवलंय होय? मग त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तेव्हा वाचलं नव्हतं," मी म्हणालो.

"बरं. जेवलास काय?"