धाप

न्यूमोनियातून उठल्यापासून श्वासाकडे सारखं लक्ष जातं. गंगेवर, रामकुंडाच्या पायऱ्या चढताना मी मध्येच थांबते. त्यामुळे असेल, पण आज पंचवटीतल्या बास्केटबॉल कोर्टावर मुलींची चाचणी घेताना माझी नजर धावणाऱ्यांपेक्षा थांबणाऱ्यांवर होती.

खडूच्या दोन रेघा, मध्ये २० मीटर. बीप वाजायच्या आत पलीकडची रेघ गाठायची. कॅनडातल्या लुक लेजे यांनी १९८०च्या दशकात बसवलेली ही पद्धत. सुरुवात ताशी साडेआठ किलोमीटरने, मग दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरची वाढ. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, याचा अंदाज त्यावरून येतो. बास्केटबॉलला ती मला जवळची वाटते. इथेही पळा, वळा, पुन्हा पळा.

आमची सगळ्यात चपळ पोरगी लवकर बाहेर पडली. गुडघ्यांवर हात, वेणी पुढे लोंबलेली, मानेची शीर उडतेय. "ताई, पायात जीवच नाही," म्हणाली. मी आकडा लिहिला, पण तो तिचा वाटेना. तिच्या पापणीच्या आतली कड फिकट होती. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन कमी असेल, तर स्नायूंपर्यंत ऑक्सिजन पोहोचणार कसा? मग मी मोजलं ते काय, तिचा सराव की तिचं ताट?

रक्त तपासायला हवं. तिच्या आईशी बोलायचंय. घरातल्यांना वाढून झाल्यावर उरेल ते खाणाऱ्या बाईला हे कोणत्या शब्दांत सांगावं, ते अजून सुचलेलं नाही.