ढोलीचं झाड

बुऱ्हाणपूरकडच्या शाळांत वन्यजीवांबद्दल बोलायला गेलं की पोरं आधी वाघ मागतात. मागणारच, मेळघाट शेजारी आहे. खकनार भागातल्या एका शाळेत मात्र मी पिंगळ्यांची दोन चित्रं नेली. तिथला वर्ग हिंदीत चालतो, मधली सुट्टी कोरकू-मराठीच्या सरमिसळीत. "फरक सांगा," म्हटलं, तर पहिल्या बाकावरून उत्तर आलं, "दोन्ही अशुभ, सर."

हसून झाल्यावर एका मुलीनं बरोबर हेरलं: एकाच्या डोक्यावर ठिपके आहेत, दुसऱ्याच्या जवळजवळ नाहीत. ठिपक्यांचा तो गावातला पिंगळा. दुसरा रानपिंगळा, छातीवर तपकिरी पट्टे आणि पाय चांगले दणकट. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पत्ता नव्हता. तो संपला असंच धरून चालले होते. १९९७च्या नोव्हेंबरात पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन आणि बेन किंग यांना तो सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ दिसला. पुढच्या सर्वेक्षणांत खकनारच्या सागवानी रानातही सापडला. आपल्या रानाचं नाव निघताच वर्ग सरसावून बसला. वाघानं सुद्धा हे साधलं नसतं.

हा पक्षी दिवसाउजेडी शिकार करतो, सरडे, टोळ, उंदीर टिपतो. ढोली त्याला स्वतः कोरता येत नाही, म्हणून जुनं पोकळ झाड लागतं. आणि सरपणासाठी कुऱ्हाड आधी पडते ती तसल्याच झाडावर. "वाळलेलंच तोडतो आम्ही, हिरवं नाही," एक मुलगा म्हणाला. खरं होतं. त्याच्या घरची चूल त्यावरच पेटते. तिला नावं ठेवून पक्षी वाचवायला शिकवणं मला पटत नाही. मोळी बांधताना ढोलीचं खोड तेवढं सोडायचं, इतकंच आम्ही ठरवलं.

दिवाळीचा धोका वेगळा. लक्ष्मीपूजनाच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडली, विकली जातात. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, पण गिऱ्हाईक असलं की कायदा आठवतो कुणाला? म्हणून मी बजावलं, "घरटं दिसलं तर गावात बोलायचं नाही. मला सांगा."

"मग तुम्हाला तरी का सांगायचं?" तोच मोळीवाला.

मला उत्तर सुचेना. गुरुजी हसले. त्याला एक ढोली ठाऊक आहे असं पोरं सांगतात. मला त्यानं अजून दाखवलेली नाही.