वाट

परवा मी इंद्रभुवनासमोर रस्ता ओलांडायला उभा होतो. अप्पासाहेब वारदांचा हा देखणा वाडा म्हणजे आमच्या सोलापूरच्या महानगरपालिकेची कचेरी. पण तो न्याहाळायला उसंत कुठली? रिक्षा आणि फटफट्या यांच्यात फट शोधण्यातच दहा मिनिटे गेली. शेवटी विड्यांची टोपली कडेवर घेतलेल्या एका बाईने, "चला, ताता," असे तेलुगू वळणाने म्हणत माझा हात धरला आणि मला पैलतीरी नेले.

घरी भाच्याशी वाद जुंपला. "मामा, २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आपले नाव आले. आता रस्ते रुंदच हवेत!"

"अरे, रस्ता रुंदावला की माझी पायपीट वाढली! त्यापेक्षा पदपथ रुंद कर, मधोमध थांबायला एक ओटा बांध. अर्धा रस्ता एका दमात, अर्धा दुसऱ्या."

"आणि गाड्यांनी काय करायचे?"

"संक्रांतीला करतात तेच!"

भाचा हसला आणि गप्प झाला. सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज घेऊन मानकरी पायी निघतात, तेव्हा सारे शहर बाजूला सरते. वाट देणे आम्हांला ठाऊक नाही असे नाही. देवाला मिळते ती वाट त्या टोपलीवालीलाही रोज मिळावी, एवढेच माझे मागणे.